पोलंडच्या शेतकऱ्यांचे पोशाख: कामाचे कपडे आणि रविवारचे कपडे

रानजाई

पोलंडमध्ये भेटवस्तूंच्या दुकानांत बाहुल्यांची एक जोडी हमखास असते. त्याच्या डोक्यावर मोरपिसं खोचलेली लाल चौकोनी टोपी, पायांत लाल-पांढऱ्या पट्ट्यांची विजार आणि उंच काळे बूट. तिच्या अंगात मणी-टिकल्यांनी भरलेलं मखमली जाकीट, फुलाफुलांचा घेरदार घागरा, पांढरा एप्रन, गळ्यात लाल पोवळ्यांच्या माळा. हा पोशाख मुळात क्राकूफ शहराच्या आसपासचा, पण या जोडीला सगळे 'पोलिश शेतकरी' म्हणून ओळखतात.

क्राकूफला राहायला आल्यापासून मी या कपड्यांच्या मागे लागले आहे. संग्रहालयांत, जत्रांत, शेजारच्या आजींच्या कपाटात जे दिसलं ते पाहत गेले. त्यातून एक गोष्ट मनात पक्की बसली, आणि तीच सांगायला हा चर्चेचा धागा काढला. हे कपडे घालून कुणी नांगर धरला नाही की भांगलण केली नाही. हे चर्चला जायचे आणि लग्नात मिरवायचे कपडे. शिवाय त्यांचं आज दिसणारं भरजरी रूप बरंचसं शेतकरी वेठीतून सुटल्यानंतरचं आहे.

आधी रोजचे कपडे. जवसाच्या किंवा हेंपच्या धाग्याचं, घरी कातलेलं-विणलेलं, न रंगवलेलं जाडंभरडं कापड. पुरुषाला त्याचा लांब सदरा आणि विजार, बाईला सदरा, घागरा आणि पुढे एप्रन. उन्हाळ्यात डोक्यावर राय या धान्याच्या काडाची टोपी. हिवाळ्यात मेंढीच्या कातड्याचा कोट, तोही घरात असला तर. पाय बहुतेक वेळा अनवाणी. बूट इतके मोलाचे की चर्चला जाताना ते हातात घेऊन चालत आणि गाव जवळ आलं की पायांत घालत. असे कपडे संग्रहालयांत फार थोडे उरले आहेत, कारण ते विरेपर्यंत वापरले गेले आणि शेवटी त्यांची फडकी झाली. जपून ठेवले गेले ते सणाचे.

आता सुटकेचं. इथला शेतकरी कित्येक शतकं जमीनदाराच्या शेतावर आठवड्यातले ठरावीक दिवस फुकट राबत होता. त्या वेठीला 'पांश्चिझ्ना' म्हणत. पोलंडचे तेव्हा तीन तुकडे होऊन ते तीन साम्राज्यांकडे गेले होते. ऑस्ट्रियाकडच्या भागात ही वेठ १८४८ मध्ये संपली, रशियाकडच्या भागात १८६४ मध्ये. प्रशियाकडे हे काम एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात टप्प्याटप्प्यानं झालं. कसायची जमीन स्वतःची झाली, हातात चार पैसे खेळू लागले, आणि त्याच सुमाराला गिरण्यांचं कापड, मखमल, रेशमी फिती, काचेचे मणी, रासायनिक रंग गावच्या बाजारात पोचले. मग गावोगावच्या शिंप्यांनी आणि बायकांनी जे घडवलं ते आपण आज पाहतो. एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध आणि पहिल्या महायुद्धापर्यंतचा काळ हा या पोशाखांच्या ऐन भराचा.

'गरीब शेतकऱ्यांचा साधाभोळा पोशाख' असं कुणी म्हटलं की मला म्हणूनच ते खटकतं. ज्याच्या आजोबाला जमीनदार उभं करत नव्हता, त्यानं रविवारी सगळ्या गावासमोर मान वर करून घातलेला हा पोशाख आहे.

तुम्ही काय पाहिलंय, काय वाचलंय ते लिहा.

धोटा

ताई, वाचून आनंद झाला. इचलकरंजीत मागांच्या खडखडाटात वाढलेला माणूस आहे, त्यामुळे माझे प्रश्न कापडाचे. लोकरी कोट हातमागावरच विणत का? आणि रंगाचं काय? लाल रंग पूर्वी सगळीकडेच महाग होता.

रानजाई

धोटादादा, कोटापासून सुरुवात करते. पुरुषांच्या लांब कोटाला 'सुकमाना' म्हणतात. त्याचं लोकरी कापड हातमागावर विणत आणि मग पाणचक्कीवर चालणाऱ्या लाकडी हातोड्यांखाली ओलं करून कुटत. कुटता कुटता लोकर आटते, धागे एकमेकांत गुंततात, विणीची भोकं बुजतात. असं कापड वारा अडवतं, पाऊस लवकर आत येऊ देत नाही, आणि कापलं तरी कडा उसवत नाहीत. कडा उसवत नाहीत म्हणूनच कापून शिवलेल्या तुकड्यांवर दोऱ्या आणि भरतकाम इतकं मोकळेपणानं करता आलं. सुकमान्याचा रंग मुलखागणिक बदलतो. क्राकूफच्या आसपास पांढरा, इतरत्र तपकिरी, करडा, काळसर. त्यात बराचसा रंग मेंढीचाच.

सदऱ्याचं जवसाचं कापड तयार करून पांढरं करायचं काम बायकांचं. जवस उपटायचं, दवात किंवा पाण्यात कुजवायचं, वाळवून लाकडी दातांच्या कातरीत मोडायचं, विंचरायचं, हिवाळाभर कातायचं, आणि विणून झालं की कापड गवतावर पसरून उन्हात पुन्हा पुन्हा भिजवायचं. एका सदऱ्यामागे वर्षभराची मेहनत.

लाल रंगाबद्दल तुम्ही नेमकं विचारलंत. पोलंडमध्ये एक किडा होतो, एका रानटी रोपाच्या मुळांवर राहणारा. त्यापासून सुरेख किरमिजी रंग निघे. जूनमध्ये, संत योहानाच्या सणाच्या सुमाराला, शेतकरी गुडघे टेकून तो मुळांवरून वेचत. पण तो रंग त्यांच्या अंगावर चढत नसे. बराचसा किडा जमीनदाराला किंवा मठाला देण्यात जाई आणि पुढे व्यापाऱ्यांमार्फत परदेशी. अमेरिकेतला किरमिजी किडा युरोपात आल्यावर हा धंदा बसला. शेतकऱ्याच्या घरात कांद्याची सालं, झाडांच्या साली, रानफुलं यांचेच रंग होते. झगझगीत लाल-केशरी त्याला परवडू लागला तो एकोणिसाव्या शतकात गिरणीतलं सूत आणि रासायनिक रंग आल्यावर.

अनुजा_व्रोत्सवाफ

क्राकूफचाच पोशाख साऱ्या देशाचा कसा झाला, त्याबद्दल लिहिते. मी व्रोत्सवाफला असते आणि इथे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला रात्सवावित्सेच्या लढाईचं गोल चित्र दाखवायला नेते. यान स्तिका आणि वोयचेख कोसाक यांच्या चमूनं १८९३-९४ मध्ये रंगवलेलं, १५ मीटर उंच आणि ११४ मीटर लांब. आपण मधोमध उभं राहायचं आणि लढाई चहूबाजूंनी.

४ एप्रिल १७९४ ला, रशियाविरुद्धच्या उठावाचा नेता तादेऊश कोश्चुश्को याच्या फौजेनं रशियन तुकडीला हरवलं. त्या फौजेत सुमारे दोन हजार शेतकरी होते. त्यांची हत्यारं म्हणजे गवत कापायच्या लांब विळ्या, पाती सरळ करून दांड्याला उभी ठोकलेली. चित्रात ते पांढऱ्या सुकमान्यात, लाल टोप्यांत धावताना दिसतात. बार्तोश ग्वोवात्स्की नावाच्या शेतकऱ्यानं आपल्या टोपीनं तोफेची पेटती वात विझवली, असं सांगतात. कोश्चुश्कोनं या माणसांच्या मानासाठी स्वतः क्राकूफचा सुकमाना अंगावर चढवला. नंतरच्या महिन्यात, ७ मे रोजी, त्यानं पोवान्येत्सचा जाहीरनामा काढून शेतकऱ्यांना व्यक्तिस्वातंत्र्य दिलं आणि वेठीचे दिवस कमी केले. उठाव दडपला गेला, देश पुढच्याच वर्षी नकाशावरून पुसला गेला, जाहीरनामा कागदावर राहिला. पण पांढरा कोट आणि लाल टोपी यांचा संबंध तेव्हापासून देशाशी जुळला.

रानजाईताई, तुम्ही रविवारचे कपडे म्हणालात ते पटलंच. क्राकूफच्या पोशाखावर त्याशिवाय या लढाईचाही शिक्का आहे.

मुक्ता_वि

मला थोडा वेगळा सूर लावायचा आहे. आपण पाहतो ते नृत्यपथकांचे पोशाख. 'माझोफ्शे' हे सरकारी पथक १९४८ चं, तादेऊश सिगेतिन्स्की आणि मीरा झिमिन्स्का यांनी उभं केलेलं. 'श्लोंस्क' १९५३ चं. कम्युनिस्ट राजवटीला शेतकरी-कामगारांची हसरी, रंगीत कला हवीच होती. रंगमंचावर लांबून उठून दिसावं म्हणून सगळ्या मुली एकसारख्या, घागरे फिरकीसाठी हलके, रंग भडक. मग यात शेतकऱ्याचं किती आणि दिग्दर्शकाचं किती?

त्याच्याही आधी शहरी कलावंतांना खेड्याचं वेड लागलं होतं. १९०० मध्ये कवी लुत्सियान रिदेलनं क्राकूफजवळच्या ब्रोनोवित्से गावातल्या शेतकऱ्याच्या मुलीशी लग्न केलं, त्याचा केवढा गाजावाजा झाला! बाहेरच्यांनी या पोशाखाला काव्यात बसवलं, असंही म्हणता येईल.

रानजाई

मुक्ता, मुद्दा रास्त आहे आणि रंगमंचाबद्दल तर तंतोतंत. मंचावरचा घागरा आणि आजींच्या कपाटातला घागरा हातात घेतले की फरक लगेच कळतो. मूळ कापड जड असतं, चुण्या दाट असतात, आतून अस्तर असतं.

पण एवढ्यावरून पोशाखच बाहेरच्यांनी घडवला असं होत नाही. ऑस्कर कोलबेर्ग (१८१४-१८९०) आयुष्यभर गावोगाव फिरून गाणी, चालीरीती, कपडे टिपत होता. त्याच्या सांदोमियेश प्रांतावरच्या खंडाचं साल १८६५. म्हणजे पथकं निघायच्या ऐंशी वर्षं आधीपासून वर्णनं आहेत, आणि त्यांत दर मुलखाचा फरक नोंदलेला आहे. शिवाय पोशाख स्वतःच बदलत होता. बाजारात नवा मणी आला की तो जाकिटावर चढायचा. दरवर्षी थोडी थोडी भर पडत होती ती गावातल्या शिंप्याच्या आणि मुलींच्या हौसेनं. शहरातून कुणी सांगायला आलेलं नव्हतं.

वोविचचंच बघा. वॉर्साच्या पश्चिमेला हा मुलूख, शतकानुशतकं ग्न्येझ्नोच्या आर्चबिशपांच्या मालकीचा. इथल्या शेतकऱ्यांवर वेठीचा बोजा तुलनेनं हलका होता, म्हणून हाती पैसा लवकर आला आणि तो कपड्यांवर दिसला. इथलं कापड म्हणजे उभ्या पट्ट्यांचं लोकरी, ताणा जवसाचा किंवा सुती आणि बाणा रंगीत लोकरीचा. आधी पट्ट्यांमध्ये लाल प्रबळ होता, मग केशरी आला, आणि दोन महायुद्धांच्या मधल्या काळात हिरवा-निळा. घागरा पाहून तो साधारण कुठल्या पिढीचा हे जाणकार सांगतात. घागऱ्याला काळ्या मखमलीची चोळी जोडून शिवलेली, तिच्यावर गुलाबांचं भरतकाम. पट्ट्यांचा एक एप्रन कमरेला आणि थंडीत दुसरा खांद्यांवरून पांघरलेला. पुरुषांच्या विजाराही याच पट्टेदार कापडाच्या. तिथल्या मुलींनी एका पिढीत केशरी टाकून हिरवा धरला, तो कुठल्या दिग्दर्शकानं सांगितलं म्हणून?

सातपुडा

डोंगराकडे वळूया का? मला तात्रा पर्वतातल्या गुराल लोकांचा पोशाख सगळ्यांत आवडतो. पोदहाले भागात मेंढपाळांची वस्ती, आणि कपडे पुरते मेंढपाळांचे. पांढऱ्या कुटलेल्या लोकरीची घट्ट विजार, कातड्याचे एकसंध चपलांसारखे बूट, कमरेला हातभर रुंद कातडी पट्टा, हातात लहान कुऱ्हाडीच्या मुठीची काठी. पट्टा पितळी बकलांचा, आणि ओझी उचलताना कमरेला आधार देणारा.

मांड्यांवर जे हृदयाच्या आकाराचं रंगीत भरतकाम असतं, त्याला 'पाझेनित्सा' म्हणतात. विजारीला पुढे दोन चिरा असत, तिथलं कापड फाटू नये म्हणून दोरीचे वेढे शिवत. हळूहळू शिंप्यांनी त्या वेढ्यांत रंगीत लोकर भरली आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याचा असा फुलोरा झाला. हे भरतकाम पुरुष शिंप्यांचं.

आणि काळ्या फेल्टच्या टोपीभोवती पांढऱ्या कवड्यांची माळ! खऱ्या कवड्या, हिंदी महासागराकडून व्यापारात फिरत आलेल्या. समुद्र कधी न पाहिलेल्या मेंढपाळाच्या डोक्यावर. आपल्याकडे तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यातल्या कवड्यांच्या माळा ज्या समुद्राच्या, त्याच समुद्राच्या या.

रानजाई

सातपुडा, कवड्यांवर तुम्ही लिहिलंत, फार बरं वाटलं. एक जोड देते. झाकोपाने गावाला शहरी लोकांची रीघ लागली ती १८७३ पासून, डॉक्टर तितुस हाउबिन्स्की तिथे जाऊ लागले त्यानंतर. पाहुण्यांनी गुरालांचं कौतुक केलं, खरेदी केली आणि शिंप्यांना काम मिळालं. बायकांच्या जाकिटावर डोंगरातलं काटेरी फूल आणि एडलवाइस हे पांढरं डोंगरी फूल भरण्याची चाल याच काळात फोफावली. गुराल मात्र हा पोशाख पर्यटकांपुरता घालत नाहीत. लग्नात, रविवारच्या प्रार्थनेला, अंत्ययात्रेलासुद्धा घालतात. साऱ्या पोलंडमध्ये सर्वांत जिवंत राहिलेला पोशाख हाच, असं माझं ठाम मत आहे.

दिवेलागण

बायकांच्या डोक्यावरच्या गोष्टीबद्दल कुणी लिहील का? फोटोत कधी फुलांचा मुकुट दिसतो, कधी रुमाल, कधी टोपडं. ही आवड की नियम?

अनुजा_व्रोत्सवाफ

दिवेलागण, नियमच, आणि कडक. कुमारिका वेण्या मोकळ्या ठेवते, डोक्यावर फुलांचं किंवा फितींचं कडं घालते. लग्नाच्या रात्री 'ओचेपिनी' नावाचा विधी असतो. नवरीचं कडं उतरवतात, केस आवरतात आणि लग्न झालेल्या बायका तिच्या डोक्यावर टोपडं किंवा रुमाल बांधतात. जुन्या रीतीत त्या वेळी गाणी होत, नवरी टोपडं दोनदा झुगारून देई आणि तिसऱ्यांदा मान झुकवी. त्यानंतर उघड्या डोक्यानं लोकांत जायचं नाही. आजच्या लग्नांतही मध्यरात्रीचा हा भाग असतो, पण आता बहुतेक खेळ आणि मजा.

कुर्पिए भागातल्या कुमारिकांचा मुकुट सगळ्यांत उंच. ते लोक मध्य-ईशान्येच्या जंगलांतले. पुठ्ठ्याचं नळकांडं, त्यावर काळी मखमल, त्यावर चमकी आणि टिकल्या, मागे फिती सोडलेल्या. गळ्यात पोवळ्यांऐवजी अंबर, म्हणजे झाडांच्या डिंकाचे जुने पिवळे खडे, कारण अंबर तिथल्या मातीत सापडे. पुरुषांचे बूट लिंडन झाडाच्या आतल्या सालीचे विणलेले. उत्तरेला कशुब लोकांत लग्न झालेल्या बायका सोन्याच्या तारेनं भरलेली मखमली टोपडी घालत. त्यांतली बरीच झुकोवो आणि झार्नोव्येत्सच्या मठांतल्या जोगिणींनी भरलेली.

पोवळ्यांचं मोल मात्र सगळीकडे. भूमध्य समुद्रातल्या खऱ्या पोवळ्यांच्या चांगल्या माळेच्या किमतीत गाय येई, असं गावोगाव सांगतात. ज्यांना ते जमत नसे त्या काचेचे किंवा रंगवलेले मणी घालत. मुलीच्या गळ्यात किती सर आहेत, यावर घराची ऐपत ठरे.

पंचगंगाकाठ

कोल्हापूरकर म्हणून लिहिल्यावाचून राहवत नाही. आमच्या वळिवड्यात १९४३ ते १९४८ पोलिश निर्वासितांची छावणी होती. सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत राजवटीनं १९४०-४१ मध्ये पूर्व पोलंडातून त्यांना सैबेरियाकडे हाकललं, तिथून सुटून इराणमार्गे ती भारतात पोचली. छावणीत शाळा, चर्च, दवाखाना, नाटकं, नाच सगळं होतं. कोल्हापुरात महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे आणि वॉर्सामध्येही कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. पंतप्रधान मोदींनी २०२४ च्या ऑगस्टमध्ये तिथे पुष्पचक्र वाहिलं.

माझा प्रश्न असा. ही माणसं पूर्वेकडची. मग अशा छावण्यांमधल्या नाचाच्या फोटोंत मुलं क्राकूफच्या टोप्या-जाकिटांत का दिसतात?

रानजाई

पंचगंगाकाठ, याचं उत्तर अनुजानं वर दिलेल्या इतिहासात आहे. १७९४ नंतर क्राकूफचा पोशाख एका मुलखापुरता राहिला नाही. देश नकाशावर नसताना शाळांच्या कार्यक्रमांत, देशभक्तीच्या नाटकांत, अमेरिकेतल्या पोलिश वस्त्यांत तोच 'आपला' पोशाख झाला. पूर्वेकडच्या व्होवीन प्रांतातल्या मुलीची आजी दुसरंच काही घालत असेल, पण परक्या देशात उभं राहून 'आम्ही पोलिश' म्हणायचं तर अंगावर लाल टोपी आणि मण्यांचं जाकीट. शिवायलाही सोपा. पांढरा सदरा, रंगीत घागरा, काळं जाकीट, चार फिती आणि मणी असले की झालं.

मुक्ता, तुझ्या प्रश्नाचा उरलेला भागही इथे येतो. प्रतीक झालेला पोशाख आणि गावात नेसलेला पोशाख ही दोन वेगळी आयुष्यं आहेत. मला दोन्हींचा आदर आहे. फक्त पहिल्यामुळे दुसरा विसरला जाऊ नये, म्हणून धडपड.

मुक्ता_वि

हे पटलं. पोलंडमध्ये १९४९ पासून पोशाखांवर मुलुखवार पुस्तकं निघत आली आहेत, त्यांत शिवणीच्या आकृत्याही असतात, असं वाचलं होतं. आता ती पाहायची इच्छा झाली.

रानजाई

हो, ती व्रोत्सवाफच्या लोकविद्या संस्थेची मालिका. एका खंडात एक मुलूख. कापड कसं बेतलंय, शिवण कुठे, टाका कुठला, सगळं मापासकट. जुने शिंपी गेले, पण त्या आकृत्यांवरून आज नवे पोशाख नेटके शिवले जातात.

धोटा

पुढच्या उन्हाळ्यात पोलंडला यायचा बेत आहे. मंचावरचे नकोत, माणसांच्या अंगावरचे पाहायचेत. कुठे जाऊ?

रानजाई

दादा, पहिलं वोविच. ख्रिस्ताच्या देहाच्या सणाला तिथे मोठी मिरवणूक निघते आणि गावातल्या बायका, मुली, पुरुष पट्टेदार पोशाखात भरजरी पताका घेऊन चालतात. ही मिरवणूक पोलंडच्या अमूर्त वारशाच्या राष्ट्रीय यादीत आहे. ती पूजा आहे, तेव्हा कडेला उभं राहून पाहावं. जवळच मौझित्सेला जुन्या घरांचं खुलं संग्रहालय आहे, तिथे घराच्या आतली मांडणी कळते.

कापड जवळून पाहायचं तर क्राकूफचं मानववंश संग्रहालय, काझिमेश भागात जुन्या नगरभवनात. कुर्पिए लोकांसाठी नोवोग्रुद, तिथलं खुलं संग्रहालय आदाम हेन्तनिकनं १९२७ मध्ये उभं केलं. गुराल पाहायला झाकोपानेच्या मुख्य रस्त्यावर गर्दीत फिरू नका. रविवारी सकाळी आसपासच्या एखाद्या गावात चर्च सुटायच्या वेळी जा.

तिकीट काढण्याआधी एक लक्षात घ्या: वोविचची मिरवणूक ईस्टरनंतर साठाव्या दिवशी, गुरुवारी असते. त्यामुळे तारीख दरवर्षी बदलते, कधी मेच्या अखेरीला तर कधी जूनमध्ये. त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असल्यानं दुकानं बंद असतात, खाण्याची सोय आधीच करून ठेवा.